दहा किलोमीटर म्हणजे पूर्ण दहा किलोमीटर



दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की आपल्या इंदुरात दौडीचे दिवस सुरू होतात. रविवारी पहाटे एखादा रस्ता वाहनांसाठी बंद होतो, छातीवर क्रमांक लावलेली माणसे धावत जातात आणि आठ-साडेआठच्या सुमारास त्यांतली निम्मी पोहे-जिलेबीच्या दुकानापुढे उभी दिसतात. मागच्या काही वर्षांत आपल्या शाळेतले विद्यार्थी, पालक आणि शिक्षकही या दौडींत भाग घेऊ लागले आहेत. म्हणून या अंकातील अभ्यासपाठासाठी हाच विषय घेतला आहे.

या पाठाचे हेतू दोन. पहिला, रस्त्यावरच्या शर्यतीत हौशी माणसाने भाग कसा घ्यावा याची नीट माहिती देणे. दुसरा, माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे. ती मी मुलांना प्रार्थनेच्या वेळी सांगितली आहे, पण पालकांपर्यंत ती पोहोचलेली नाही, आणि पोहोचावी असे मला वाटते. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात आई-आजीकडून आलेली मराठी हीच माझी मराठी. तेव्हा भाषेत काही उणे आढळल्यास मराठीच्या बाईंनी लाल पेन जरूर चालवावे.

प्रत्येक दौड मॅरेथॉन नसते

आपल्याकडे कोणत्याही दौडीला 'मॅरेथॉन' म्हणण्याची पद्धत पडली आहे. '३ किलोमीटरची मिनी मॅरेथॉन' असे फलकही लागतात. मॅरेथॉन हे एका ठरावीक अंतराचे नाव आहे. ते अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. त्याच्या निम्मे, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, ही अर्ध-मॅरेथॉन. याशिवाय १० आणि ५ किलोमीटरच्या शर्यती असतात. बहुतेक हौशी धावपटूंची सुरुवात याच शर्यतींपासून होते आणि तशीच ती व्हावी.

हा ४२.१९५ चा विचित्र आकडा आला कुठून? १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून स्टेडियमपर्यंत जे अंतर ठरले, ते ४२.१९५ किलोमीटर होते. पुढे १९२१ साली हेच अंतर सर्वांसाठी कायम करण्यात आले. तोपर्यंत ऑलिंपिकची मॅरेथॉनसुद्धा दर वेळी थोडी कमी-जास्त अंतराची होत असे.

आपल्या देशात हौशी धावण्याला जोर आला तो गेल्या दोन-तीन दशकांत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ साली. सातारच्या डोंगरातली अर्ध-मॅरेथॉन २०१२ पासून होते. आता लहानमोठ्या अनेक शहरांत थंडीच्या दिवसांत एखादी तरी दौड असते.

बेळगावचे चौगुले

पण धावण्याशी मराठी मुलखाचे नाते यापेक्षा बरेच जुने आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहायला सर दोराबजी टाटा आले होते. तिथे खेड्यापाड्यांतले तरुण अनवाणी धावत होते, आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. हे पाहून या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे असा विचार टाटांनी मांडला, आणि १९२० साली बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला.

त्या संघात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. ते मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. फिनलंडचे हान्नेस कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत पहिले आले. म्हणजे चौगुले अठरा मिनिटे मागे होते. त्यांच्याबरोबर गेलेले सदाशिव दातार यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.१९५ नव्हे, तर ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासात सर्वांत लांब. म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. चौगुल्यांना पदक मिळणार नव्हते. पुढे अठरा जण गेले होते. तरी परक्या देशात, परक्या हवेत, ते पूर्ण अंतर धावले. एकोणिसाव्या क्रमांकाला किंमत असते ती एवढ्यामुळेच, की तो पूर्ण अंतराचा असतो.

अंतर मोजतात कसे?

धावणारे पुष्कळ जण हा प्रश्न विचारतच नाहीत. मोटारसायकलच्या मीटरवर किंवा मोबाइलवर पाहून अंतर ठरवत असतील, असा माझाही समज होता. प्रमाणित शर्यतीत तसे नसते. रस्ता सायकलने मोजतात. सायकलच्या पुढच्या चाकाला 'जोन्स काउंटर' नावाचे छोटे यंत्र बसवलेले असते. चाक जसे फिरेल तसे ते अंक मोजत जाते. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल अनेकदा चालवून किती अंक म्हणजे किती मीटर हे पक्के करतात. मोजणी झाल्यावर पुन्हा त्याच पट्ट्यावर तपासतात, कारण ऊन वाढले की टायरमधली हवा फुगते आणि हिशेब किंचित बदलतो.

मोजताना सायकल रस्त्याच्या मधोमध चालवत नाहीत. धावणारा नियम न मोडता जितक्या जवळून जाऊ शकेल, त्या सर्वांत छोट्या रेषेवर ती चालवतात. वळणावर फुटपाथच्या कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवतात. एवढे करूनही शेवटी दर किलोमीटरला १ मीटर जास्तीचा धरतात. म्हणजे १० किलोमीटरच्या शर्यतीत १० मीटर आणि मॅरेथॉनमध्ये सुमारे ४२ मीटर. कारण नियम असा आहे, की मार्ग थोडा लांब निघाला तर चालेल, पण कमी निघता कामा नये.

म्हणूनच पुष्कळांच्या हातातले घड्याळ १० किलोमीटरच्या शर्यतीत १०.१ किंवा १०.२ दाखवते आणि ते आयोजकांशी वाद घालू लागतात. घड्याळ उपग्रहावरून अंदाज घेते. शिवाय आपण गर्दीतून नागमोडी जातो, वळण बाहेरून घेतो. सर्वांत छोट्या रेषेवर आपण धावलेलोच नसतो.

मला हे सारे कळले तेव्हा आश्चर्य वाटले. दहा मीटर कमी पडू नयेत म्हणून कोणीतरी पहाटे सायकल घेऊन रस्ता मोजतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेळ कशी मोजतात?

छातीवर लावायच्या क्रमांकाच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर जमिनीवर चटईसारखी पट्टी पसरलेली असते. तिच्यावरून गेले की चिपची नोंद होते. मोठ्या शर्यतींत अशी पट्टी वळणावर आणि मध्येही ठेवतात. लहान दौडींत वळणावर पट्टी नसते. तिथे स्वयंसेवक उभे असतात आणि वळून जाणाऱ्याच्या हातात रंगीत रबरबँड किंवा रिबन देतात.

निकालात दोन वेळा दिसू शकतात. एक, बंदूक वाजल्यापासूनची. दुसरी, तुम्ही स्वतः सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासूनची. गर्दीत मागे उभे असाल तर दोन्हींत काही मिनिटांचा फरक पडतो. आपली प्रगती मोजायला हौशी माणसाने दुसरी पाहावी. क्रमांक दुमडू नका, पाठीवर लावू नका आणि दुसऱ्याला देऊ नका. क्रमांकाच्या कागदावर मागे नाव, रक्तगट आणि घरचा फोन लिहायची जागा असते. ती रिकामी ठेवू नका. दुसऱ्याच्या क्रमांकावर धावणारा पडला, तर डॉक्टरांच्या हाती भलत्याच माणसाची माहिती जाते.

तयारी

मी ५२ व्या वर्षी धावू लागलो. रक्ताच्या तपासणीत साखर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. रेसिडेन्सीच्या झाडांखालच्या रस्त्यांवर चालता चालता काही महिन्यांनी पाय आपोआप पळू लागले. त्या अनुभवातून आणि जाणकारांना विचारून जे शिकलो ते सांगतो.

१. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि रक्तदाब, साखर किंवा हृदयाची तक्रार असलेल्या सर्वांनी, आधी डॉक्टरांना विचारावे. यात लाज नाही.

२. सुरुवात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे अशी करावी. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. हळूहळू धावणे वाढवावे, चालणे कमी करावे. दोन-तीन महिन्यांत ५ किलोमीटर न थांबता जमू लागतात.

३. धावता धावता एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर गती जास्त आहे. या कसोटीला पैसे लागत नाहीत, पण ती घड्याळाइतकीच उपयोगी आहे.

४. अंतर एकदम वाढवू नये. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि स्नायूंना जोडणाऱ्या शिरा हळू तयार होतात. नडगी आणि गुडघे दुखू लागतात ते याच घाईमुळे.

५. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. महाग बूट म्हणजे चांगला बूट असे नाही.

६. रस्त्यावर सराव करताना उजव्या कडेने धावावे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून उजवीकडून धावल्यास समोरची गाडी दिसते. पहाटे अंधारात फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि कानात गाणी लावू नयेत. कुत्री मागे लागली तर पळू नये, चालू लागावे.

७. शाळेतल्या मुलांनी ३ किंवा ५ किलोमीटरच्या दौडीत भाग घ्यावा. अर्जावरची वयाची अट वाचावी. वय खोटे लिहून मोठ्या अंतराला मुलाला उभे करणारे पालक त्याच्या गुडघ्यांशी खेळतात, आणि त्याला आणखीही काही शिकवतात.

शर्यतीचा दिवस

आदल्या रात्री नवा पदार्थ नको आणि सकाळी नवा बूट नको. सुमारे दोन तास आधी केळे किंवा साधा टोस्ट खावा. पोहे-जिलेबी नंतर. थंडी असली तरी अंगावर एक पातळ कपडा पुरतो. दहा मिनिटांत अंग तापते. उभे राहताना आपल्या गतीप्रमाणे जागा धरावी. पुढे घुसून हळू धावणारा मागच्यांची अडचण करतो.

सर्वांत मोठी चूक पहिल्या किलोमीटरमध्ये होते. ढोल वाजत असतात, सगळे सुसाट निघतात, आणि आपणही निघतो. पहिला किलोमीटर सरावापेक्षा किंचित हळूच जावा. पुढे गेलेली माणसे सातव्या किलोमीटरला भेटतातच.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. न पिणे जसे वाईट, तसे तहान नसताना प्रत्येक टेबलावर पेले रिचवणेही वाईट. फार पाणी प्यायल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घसरते आणि तेही धोक्याचे असते. पेला रस्त्यात फेकू नका. आपले शहर स्वच्छतेसाठी देशभर ओळखले जाते. धावणाऱ्यांनी ते नाव घालवू नये. छातीत दुखले, चक्कर आली, हातपाय गार पडले, तर तिथेच थांबावे आणि स्वयंसेवकाला सांगावे. ताप असेल तर घरीच राहावे. शर्यत सोडणे ही नामुष्की नाही. दातारांनीही ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तरी त्यांचे नाव आज आपण घेतोच आहोत.

माझी चूक

आता माझी गोष्ट.

पहिल्या शर्यतीचा अर्ज भरला तेव्हा मी ते सगळ्यांना सांगत सुटलो. प्रार्थनेतही सांगितले, अगदी क्रमांकासकट. दहा किलोमीटरची दौड होती. पाच किलोमीटर जायचे, वळायचे आणि डिव्हायडरच्या दुसऱ्या बाजूने परत यायचे. सरावात मी किलोमीटरला आठ मिनिटे घेत असे. वर लिहिलेला पहिल्या किलोमीटरचा नियम तेव्हाही मला ठाऊक होता, पण ढोल वाजले आणि मी तो किलोमीटर पावणेसहा मिनिटांत काढला. दुसरा सहा मिनिटांत. चौथ्याला बरगडीखाली कळ आली आणि मी चालू लागलो. शेजारून एक आजोबा गेले, मग दोन शाळकरी मुली गेल्या.

वळण साधारण चारशे मीटर पुढे होते. स्वयंसेवकांचे पिवळे टी-शर्ट दिसत होते. तिथेच डिव्हायडरला फट होती. माझ्यापुढचे दोघे-तिघे त्या फटीतून पलीकडे गेले आणि परतीच्या धावणाऱ्यांत मिसळले. कोणी हटकले नाही. मी क्षणभर थांबलो आणि त्यांच्या मागे गेलो.

शेवटच्या रेषेवर रबरबँड कोणी विचारले नाही. गळ्यात पदक पडले. वेळ १ तास ९ मिनिटे. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, इतक्या लवकर कसे आलात? सरावात तर तुम्हाला याहून जास्त वेळ लागायचा." मी म्हणालो, "शर्यतीत जोर येतो." पहिले खोटे ते.

सोमवारी प्रार्थनेत क्रीडाशिक्षकांनी माझी वेळ वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी कार्यालयात आली. ती दौडीत स्वयंसेविका होती आणि तिची जागा नेमकी त्या वळणावर होती. हातात निळे रबरबँड होते.

"सर, तुमचा नंबर मी पाठ केला होता. तुम्ही कधी वळून गेलात ते मला कळलंच नाही. हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं."

मी रबरबँड घेतले आणि म्हणालो, "गर्दीत राहून गेलं असेल."

"हो सर, गर्दी फार होती," असे म्हणून ती गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. हे दुसरे खोटे, आणि ते मी माझ्या खुर्चीत बसून एका विद्यार्थिनीला सांगितले होते.

मनात मी बचाव मांडून पाहिला. माझा कोणता क्रमांक येणार होता? बक्षीस थोडेच घेतले? नऊ किलोमीटर तर मी धावलोच ना? मग आठवले, परीक्षेत एक उत्तर पाहून लिहिणारा मुलगा याच खुर्चीसमोर उभा राहून मला नेहमी हेच सांगतो. "सर, बाकीचा पेपर माझाच आहे." आणि मी त्याला काय सांगतो, हे तुम्हा सर्वांना माहीत आहे.

१९८० साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ नावाची स्त्री महिलांत पहिली आली. तिने बहुतेक मार्ग धावलाच नव्हता. आठ दिवसांनी तिचा क्रमांक रद्द झाला आणि कॅनडाच्या जॅकलिन गारो यांना विजयी ठरवले गेले. पण शेवटच्या रेषेवर पहिले पोहोचण्याचा तो क्षण गारो यांना परत कसा मिळणार? मी कोणाचे पदक चोरले नव्हते हे खरे. परंतु निकालाच्या यादीत माझ्या खाली जितकी माणसे होती, त्यांतला पूर्ण अंतर धावलेला प्रत्येक जण माझ्यामुळे एक पायरी खाली सरकला होता. मला ओलांडून गेलेले आजोबाही त्या यादीत माझ्या खाली होते.

मग काय केले?

तीन रात्री नीट झोप लागली नाही. गुरुवारी प्रार्थनेनंतर मी मुलांसमोर उभा राहिलो आणि सर्व सांगितले. आठशे मीटर कमी धावलो, टाळ्या माझ्या नव्हत्या, आणि विचारणाऱ्या मुलीला खोटे सांगितले, हेही. तिचे नाव घेतले नाही, पण तिची क्षमा मागितली. मैदानात अशी शांतता मी आधी पाहिली नव्हती. त्याच दिवशी आयोजकांना पत्र लिहून माझे नाव निकालातून काढायला सांगितले. त्यांनी ते काढले.

खरे सांगायचे तर मला भीती होती, की आता मुले माझे ऐकणार नाहीत. तसे झाले नाही. उलट त्या वर्षी सहामाहीत दोन मुले पेपर संपल्यावर स्वतः येऊन सांगून गेली, की आम्ही एकेक उत्तर पाहून लिहिले आहे. त्यांचे तेवढे गुण कापले आणि त्यांना शाबासकीही दिली.

ती मुलगी त्या दिवशी शाळा सुटल्यावर भेटली. एवढेच म्हणाली, "सर, पुढच्या वर्षीही मी तिथेच उभी राहणार आहे."

पुढच्या वर्षी मी पहिला किलोमीटर आठ मिनिटांत काढला. ती फट तशीच होती, आणि तिथून पलीकडे जाणारेही होते. वळणावर निळे रबरबँड मिळाले. शेवटची रेषा १ तास १९ मिनिटे ४० सेकंदांत गाठली. कागदावर पाहाल तर मागच्या वर्षीपेक्षा दहा मिनिटे चाळीस सेकंद वाईट. माझ्या दृष्टीने ती माझी पहिली शर्यत.

हौशी धावपटू शर्यतीच्या मध्यभागी किंवा शेपटीकडे असतो. पुढच्या दहा जणांवर पंचांची नजर असते, पायलट गाडी असते, कॅमेरे असतात. आपल्यावर कोणाचीही नजर नसते. म्हणून आपल्या शर्यतीचा पंच आपल्यालाच व्हावे लागते. ज्याने पहाटे सायकलवर बसून दहा मीटरसुद्धा कमी पडू दिले नाहीत, त्याच्या मेहनतीचा मान राखणे एवढेच आपले काम. हळू धावा, चाला, थांबा, सोडून द्या, काहीही करा. पण दहा किलोमीटर धावलो असे म्हणायचे असेल, तर पूर्ण दहा धावा.

स्वाध्याय

१. चौगुले ४२.७५ किलोमीटर २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावले. दर किलोमीटरला त्यांना सरासरी किती वेळ लागला? उत्तर काढल्यावर मैदानात एक किलोमीटर त्या गतीने धावून पाहा आणि किती मीटरपर्यंत जमले ते लिहा.

२. एका धावपटूचे घड्याळ शर्यतीच्या शेवटी १०.१५ किलोमीटर दाखवते. मार्ग मात्र नियमाप्रमाणे १० किलोमीटरचा मोजलेला आहे. याची दोन कारणे सांगा.

३. दर किलोमीटरला ७ मिनिटे ३० सेकंद या गतीने १० किलोमीटरला किती वेळ लागेल? हाच धावपटू ८०० मीटर कमी धावला, तर त्याची वेळ किती दिसेल?

४. तुमच्या पुढचे तिघे फटीतून पलीकडे गेले आणि कोणी पाहत नाही. तुम्ही काय कराल? खरे उत्तर लिहा, चांगले दिसणारे नको. या प्रश्नाला गुण नाहीत.

उत्तरे येत्या शनिवारपर्यंत क्रीडाशिक्षकांकडे द्यावीत. पालकांनीही लिहिली तर आनंदच आहे. येत्या थंडीत ज्यांना ५ किलोमीटरच्या दौडीची तयारी करायची असेल, त्यांनी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकाशी यावे. मी तिथे असेन. गती फार नाही, बोलत बोलत धावू.

आपला,
प्राचार्य